दार नसलेली खोली

टक्.

दुपारी सगळं घर निजलेलं असताना कपाटावरून असा आवाज होतो. एकदा होतो, मग जरा थांबून पुन्हा. घाबरू नका, मित्रांनो. मी एक जुना पुठ्ठ्याचा नमुना आहे, एका बैठ्या घराचा. खऱ्या घरातलं एक फूट म्हणजे माझ्या अंगावर बोटाचं एक पेर. आवाज माझ्यातूनच येतो. तो मी करतो की नाही, हे मात्र मला आजवर ठरवता आलेलं नाही.

मला घडवलं ती वास्तुकलेची विद्यार्थिनी. लेक झाली म्हणून तिचं शेवटचं वर्ष अर्धवट राहिलं होतं आणि कॉलेजने तिला आता एकच संधी दिली होती. लहान मुलांसाठी पाळणाघराची इमारत योजायची. जमलं तर पदवी, नाहीतर पाच वर्षं पाण्यात. लेक ठकू तेव्हा तीन वर्षांची. ती दुपारी झोपली की जे दोन तास मिळतील तेवढेच हिचे.

सर दर वेळी एकच विचारायचे, "कल्पना कुठाय?"

तिने शंख आणून बघितला, वारुळाची चित्रं काढली, पिंपळाच्या पानाच्या शिरा गिरवल्या. सर शंख हातात फिरवत म्हणाले, "छान आहे. पण यात गोगलगाय राहते. तू कुठे राहिलीस? आठवतंय ते पहिलं घर बांधून आण, मापासकट. मग पाळणाघराचं बघू."

ते घर तर ती दहा वर्षांची असतानाच विकलं गेलं होतं. पण फुटाफुटाच्या फरशांवर ती लंगडी खेळली होती, त्यामुळे फरशा पाठ होत्या. स्वयंपाकघर आठ, मधली खोली नऊ, पुढची सहा. बाहेरची लांबी तेवढी तिने वडिलांना फोनवर विचारली. वडील जन्मभर गवंडीकाम केलेले, ते घरही त्यांनीच उभं केलेलं.

"एकतीस फूट," त्यांनी ताडकन सांगितलं. "इंच इकडचा तिकडे नाही. पाया मी घातलाय."

भिंती धरून हिची बेरीज पंचवीस भरत होती. तिने तीनदा करून बघितली. मधल्या आणि पुढच्या खोलीच्या मध्ये सहा फूट उरतच होते. शेवटी तिने ती जागा तशीच ठेवली, चारी बाजूंनी भिंती लावून. अशी माझ्या पोटात दार नसलेली एक खोली आली.

घर केवढं ते कळावं म्हणून तिने कागदाची माणसं कापली: एक बाप्या, एक बाई, एक परकरी मुलगी. मुलीला तिने पुढच्या खोलीत उभं केलं. दुसऱ्या दिवशी छप्पर उचललं तर मुलगी बंद खोलीत. तिने ती बाहेर काढली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

"ठकू, आईच्या घराला हात लावायचा नाही हं."

ठकू डोळे चोळत उठली होती. "मी नाही लावला. ती आपणहून गेली. ती तिची खोली आहे."

तुम्ही म्हणाल, तुझ्याच पोटातली गोष्ट, तुला कशी ठाऊक नाही? तुमच्या पोटात रात्रंदिवस काय चाललेलं असतं, ते तुम्हाला कळतं का? मला एवढंच कळायचं, की त्या खोलीतली भिंत आतून कुणीतरी चाचपतंय. मग टक्.

"गोंद वाळतोय," ती स्वतःशीच म्हणायची. गोंद एका दिवसात वाळतो. हे नऊ दिवस चाललं होतं.

परीक्षेच्या तीन आठवडे आधी सरांनी माझं छप्पर उचललं. "या खोलीचं दार?"

"आठवत नाही, सर."

"अगं, पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा दार विसरत नाहीत! परीक्षकांपुढे हे असं ठेवलंस तर माझ्या हातात काही राहणार नाही. दार दे, नाहीतर खोली काढून टाक."

तिने दोन्ही करून बघायला कटर हातात घेतला, पण हात काही चालेना. तेव्हा तिने वडिलांना बोलावून घेतलं.

वडील आले ते हसतच. "काय नमुना आहे! विटा एवढ्या हलक्या असत्या तर माझी पाठ अजून सरळ असती." मग त्यांनी छप्पर उचललं. बंद खोलीत कागदाची मुलगी उभी होती. त्यांचं हसू तिथेच थांबलं.

"बाबा, इथे काय होतं?"

"काही नाही. अडगळ."

"मग दार कुठे होतं अडगळीला?"

ते खाली बसले. "मीच मूर्ख. एकतीस सांगून बसलो. पंचवीस सांगायला हवं होतं."

मग त्यांनी सांगितलं. हिला एक थोरली बहीण होती. पाच वर्षांची असताना तापाने त्याच खोलीत गेली. आईला त्या दारावरून जाववेना. एका दुपारी वडिलांनी विटा आणल्या, संध्याकाळपर्यंत गिलावा झाला. तिची खेळणी आतच राहिली.

"मला एकदाही सांगितलं नाहीत?"

"तू दीड वर्षाची होतीस, पोरी. पुढे सांगू म्हटलं, ते राहूनच गेलं."

तिने कटर त्यांच्या हातात दिला. "कुठे होतं ते तुम्हीच कापा."

मित्रांनो, ज्या हाताने शेकडो भिंती उभ्या केल्या, त्याने पुठ्ठ्यावर दाराची जागा दोनदा मोजली. ओसरीकडच्या बाहेरच्या भिंतीत त्यांनी तीन बाजू कापल्या, चौथी मुडपली. दार उघडलं. माझ्या आतला आवाज त्या क्षणी थांबला.

तिच्या पाळणाघरात प्रत्येक खोलीला दोन दारं होती, आणि कुठल्याही दारातून पुढची खोली दिसायची. परीक्षकांनी विचारलं, ही कल्पना सुचली कुठून? तिने माझ्या दारावर बोट ठेवलं. ती पास झाली. पुढे सहा महिने वर्गातली मुलं मला बघायला यायची, फोटो काढायची.

मग तिला नोकरी लागली आणि मी कपाटावर चढलो. दोन वर्षं धूळ खाल्ली, कसरीने छपराची कड खाल्ली. त्याची माझी तक्रार नाही. पण गेल्या आठवड्यात कुणीतरी जुन्या चपलांचं खोकं माझ्याशेजारी कोंबलं आणि माझं दार बंद झालं. तेव्हापासून पुन्हा टक्. तुम्ही उद्या घरं योजाल तेव्हा आधी दारं मोजा. आणि जुन्या नमुन्यांवर हवं ते रचा, फक्त त्यांच्या दारापुढची जागा मोकळी ठेवा.

आज दुपारी तिने स्टूल लावलं, खोकं सरकवलं आणि मला खाली घेतलं. वडील खुर्चीत पेपर वाचत होते. ठकूने दाराला डोळा लावून आत पाहिलं. ठकू आता पाच वर्षांची आहे, आणि त्या खोलीची गोष्ट आईने तिला सांगितलेली आहे.

"आई, आजोबांनी भिंत बांधली तेव्हाही तुझी ताई अशीच टकटक करत होती?"

आईने बोटाने दार पुरतं उघडलं. वडिलांनी पेपरची घडी घातली.

"मग आजोबांना ऐकू कसं नाही आलं?"