मिरचीच्या कुंड्यांतली टरफलं

लोकांनी पाहिलं ते

बॅडमिंटन कोर्टाच्या चारही कडांना माणसं दाटून उभी होती. खेळाडूंचे आईबाप, नाक्यावरचे रिक्षावाले, लवंगी विड्यांच्या कारखान्यातून सुटलेल्या बायका. जाळ्याजवळ की वारस्तो उभा; 'की' म्हणजे आमच्याकडे बुवा, महाराज. काळा सदरा, डोक्याला बाटिकचा रुमाल. त्यानं सेत्योला पुढे बोलावलं. एकोणीस वर्षांचा आडदांड पोरगा. त्याचा स्मॅश परतवायला भलेभले बिचकतात.

"हात आडवा धर, बाळा. मी दाबतो."

दाबला. हात खाली गेला.

"बघितलंत? मांस आहे, ताकद नाही. मांस रेड्यालाही असतं. रेडा बॅडमिंटन खेळतो का?"

लोक हसले. मग त्यानं सेत्योच्या मुठीत एक काळा खडा ठेवला, कानाशी काहीबाही पुटपुटला आणि पुन्हा दाबलं. हात जागचा हलला नाही. की वारस्तोच्या कपाळावर शिरा फुगल्या, तरी हात तसाच. बायकांनी तोंडावर हात ठेवले.

"ही शक्ती टिकवायची असेल तर एकवीस दिवस मुतिहचं व्रत. पांढरा भात आणि पाणी. मीठसुद्धा नाही. अंड्यात कोंबडीची भीती असते, माशात चिखल असतो, सोयाबीनच्या तेंपेला बुरशी. हे सगळं स्नायूत साचतं."

प्रशिक्षक पाक हारसोयोंनी मान डोलावली. वसतिगृहातल्या अकराही मुलामुलींनी सगळ्यांसमोर शब्द दिला.

मुतिह आमच्याकडे नवं नाही. लग्नाआधी मीही तीन दिवस धरलं होतं. पण मला मांडवात रोज सहा तास धावायचं नव्हतं.

खिडकीतून मी पाहिलं ते

मी सुमिराह. पोरं मला बू म्हणतात, म्हणजे आई. या वसतिगृहाची चूल बावीस वर्षं माझ्याकडे आहे आणि स्वयंपाकघराची खिडकी थेट कोर्टावर उघडते.

तिसऱ्या दिवशी मागच्या दाराशी सेत्यो.

"बू, एक अंडं द्या ना. पाय थरथरतायत."

"आणि व्रत?"

"मोडलं माझं. कुणाला सांगू नका, बू. बाकीचे पक्के आहेत, मीच कच्चा निघालो."

अंडं दिलं. दुसरंही दिलं. संध्याकाळी दुसरा पोरगा आला, सकाळी तिसरी पोरगी. "मी एकटीच अशी आहे, बू." आठवड्याभरात दहा जण येऊन गेले, प्रत्येक जण एकेकटा, मान खाली घालून. अंडी, तळलेलं तेंपे, सुकी मासळी. कोर्टावर मात्र एकमेकांकडे बघत आणि मनात म्हणत, बघा, व्रत पाळणारे कसे धावतायत.

मी टरफलं कुटून मिरचीच्या कुंड्यांत घालत होते. कुंड्या पांढऱ्या झाल्या. कुणी बघितल्या नाहीत.

मला कळत होतं. मी गप्प बसले. पोरांना शब्द दिला होता म्हणून, आणि मोठ्यांच्या तोंडाला तोंड द्यायचं नाही ही आमची सवय म्हणूनही. हे माझं पाप. ते मी की वारस्तोच्या खात्यावर ढकलणार नाही.

अकरावी, पालुपी, आली नाही. सतरा वर्षांची मुलगी. राष्ट्रीय संघाच्या शिबिराची निवड व्रत संपल्यानंतरच्या रविवारी. तीन वर्षं तिनं त्याच एका दिवसासाठी काढली होती. मी ताट घेऊन तिच्या खोलीवर गेले.

"खा गं. मी कुणाला सांगणार नाही."

"बू, मी सगळ्यांसमोर कबूल केलंय. बाकीचे पाळतायत, मी कशी मोडू?"

तेव्हाच सांगायला हवं होतं.

अठराव्या दिवशी, दुसऱ्या गेममध्ये, मागच्या रेषेवरची शटल उचलायला ती वळली आणि वळता वळता खाली बसली. पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिची मांडी दोन्ही हातांत धरून बघितली. "ही रोज सहा तास धावते आणि नुसत्या भातावर? भातानं चूल पेटते, पण झिजलेला स्नायू भरून काढायला अंडं, मासा, डाळ काहीतरी लागतंच. ते मिळालं नाही की शरीर स्वतःचंच मांस खातं. मिठाविना इतका घाम गाळायचा, हे वेगळंच."

की वारस्तोनं खोलीत पाऊलही न टाकता निदान केलं. "चोरून खाल्लंय हिनं. खडा कोपलाय."

पाक हारसोयो म्हणाले, "उद्या सगळ्यांसमोर माफी माग, पालुपी. नाहीतर सामान बांध."

मग मी केलं ते

कोर्टावर पुन्हा तीच गर्दी. पालुपी भिंतीला धरून उभी. तिनं माफी मागायला तोंड उघडलं आणि मी चुलीपासून उठून तशीच आत शिरले, हाताला हळद, कमरेला फडकं.

"थांब गं."

"बू सुमिराह, तुम्ही चूल सांभाळा," की वारस्तो हसत म्हणाला.

"तेच करतेय. सेत्यो, हात आडवा धर."

मी दाबला. हात खाली. मग फडक्यातून चिंचोका काढून त्याच्या मुठीत दिला, कानाशी सांबाल चटणीची कृती पुटपुटले आणि दाबलं. हात हलला नाही. कपाळावर शिरा मीही आणल्या.

"चिंचोक्यात शक्ती आहे," मागून एक बाई म्हणाली.

"शक्ती नाही, बाई. भरलेली कढई दांड्याच्या टोकाला धरून उचलून बघ. मनगट मोडतं. तीच कढईच्या काठाजवळ धर, उचलते. पहिल्यांदा मी याच्या मनगटावर दाबलं, तोही सावध नव्हता. दुसऱ्यांदा कोपराजवळ दाबलं, आणि खाली कमी, खांद्याकडे जास्त रेटलं. की वारस्तोनंही तेच केलं. मी खिडकीतून बघत होते."

"शक्तीची टिंगल करू नका," की वारस्तो म्हणाला.

"टिंगल कसली? सेत्यो, तो काळा खडा घे मुठीत. की, आता मनगटावर दाबा. सरळ खाली."

सेत्योनं हात पुढे केला. की वारस्तो म्हणाला, शक्तीची परीक्षा घेणं पाप आहे. हात तसाच ताणलेला राहिला. शेवटी पाक हारसोयो उठले आणि त्यांनीच मनगटावर दाबलं. खड्यासकट हात खाली गेला.

त्यांनी खडा काढून जाळ्याजवळ खाली ठेवला. मग म्हणाले, "ठीक. पण भातावर दहा जण धावले. हीच कशी पडली?"

नावं मी घेणार नव्हते. "माझ्या मिरचीच्या कुंड्या बघून या," म्हटलं, आणि सेत्योकडे बघितलं.

त्यानं हात वर केला. "मी खाल्लं. रोज दोन अंडी."

"तू पण?" शेजारचा म्हणाला. "मला वाटलं, मी एकटाच."

हात वर होत गेले. दहा. की वारस्तो काहीतरी म्हणायला लागला, पण कारखान्यातल्या एका बाईनं "गप बसा हो" म्हटलं. थोड्या वेळानं जाळ्याजवळ तो नव्हता. खडा राहिला होता.

पालुपीचा हात वर नव्हता. तिनं दहाही जणांकडे एकेक करून बघितलं. मग माझ्याकडे.

"तुम्हाला माहीत होतं, बू."

मी हो म्हटलं.

तिनं माझ्या हातचं तीन दिवस खाल्लं नाही. नाक्यावरून स्वतः अंडी आणून स्वतः उकडली. रविवारी ती खेळू शकली नाही. मांडीचं मांस खड्यानं गेलं नव्हतं, खड्यानं परतही येणार नव्हतं. पाक हारसोयोंनी वसतिगृहातली तिची खाट तशीच ठेवली. पुढची निवड सहा महिन्यांनी.

तुमच्या गावात कुणी हात दाबून चमत्कार दाखवला, तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा, कुठे दाबलं? आणि सगळे पाळतात म्हणून तुम्ही काही पाळत असाल, तर शेजाऱ्याला स्पष्ट विचारा, तू खरंच पाळतोस का? विचारायला लाज वाटेल. वाटू दे. दहा पोरं आणि मी एक म्हातारी, अठरा दिवस लाजलो, आणि त्या लाजेची किंमत त्या एकाच मुलीनं भरली जी खरं बोलत होती.