फिरत्या गादीची वॉरंटी

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकून बसलात तर गोष्ट तुमच्यापर्यंत पोचायची नाही, कारण ती मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. ऐकून उठताना मन हलकं झालं नाही तर मला खुशाल बोल लावा.

तर हॉर्नबीच्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये यशोधन काउंटरवर दोन्ही हात टेकवून उभा होता. पलीकडचा ग्लेन फोनवर सांगितलेलंच पुन्हा, त्याच शांत आवाजात सांगत होता. गाडी वॉरंटीत आहे, हे खरं. बिघाड वॉरंटीत बसण्यासारखा आहे, हेही खरं. पण गाडीत बाहेरून बदल करून घेतलेला आहे, आणि बिघाड नेमका त्या बदलाच्या शेजारी झालाय. म्हणून क्लेम नामंजूर.

“बदल म्हणजे एक सीट आहे,” यशोधन म्हणाला. “इंजिनाला मी हात लावलेला नाही. चाकं मोठी केली नाहीत. एका बाईंना चढता येत नाही, म्हणून सीट बसवून घेतली.”

“मला समजतं.”

“मग?”

“मला समजून उपयोग नाही. कंपनीला समजायला हवं.”

यशोधन पुण्याचा, इथे परदेशात पुलांच्या आणि रस्त्यांच्या कामावर इंजिनिअर. खडीच्या रस्त्यांवरून साइटवर जायचं म्हणून त्यानं यूट घेतलेली. पुढे माणसांना चार दारं, मागे सामानाला उघडा हौदा, अशी पिकअप. पण गाडी घेतल्यापासून तिचं खरं काम शनिवारी असायचं. कीर्तनकार प्रमोदिनीताईंना त्यांच्या लेकीकडून उचलायचं, हौद्यात ताडपत्रीखाली पेटी, तबला, झांजा बांधायच्या, आणि कँटरबरीत जिथे कुठे चार मराठी घरं असतील तिथे ताईंचं कीर्तन पोचवायचं. कधी शहरात, कधी अ‍ॅशबर्टनच्या पलीकडे, डेअरी फार्मवर पहाटे गाई पिळून आलेल्या पोरांसमोर. ती पोरं डोळे चोळत बसायची आणि आख्यान रंगलं की टक्क जागी व्हायची.

ताईंचे गुडघे गेले तेव्हा प्रश्न आला. कीर्तन उभ्यानं करायचं. ताई बसून करू लागल्या आणि त्याबद्दल नारदमुनींची रोज माफी मागू लागल्या. पण यूटमध्ये चढायचं कसं? मग हॉर्नबीतल्याच विरेमूनं ती सीट बसवून दिली. अपंगांच्या गाड्या तयार करणं हा त्याचा धंदा. बटण दाबलं की सीट दाराकडे वळायची, बाहेर यायची आणि खाली उतरायची. जणू गाडीच कमरेत वाकून म्हणतेय, या, बसा.

आणि मग एका शनिवारी, राकाइयाच्या लांबलचक पुलाच्या अलीकडे, गाडीच्या पडद्यावर एकदम सगळे दिवे लागले. गिअर अडकला. गाडी बैलगाडीच्या चालीनं कडेला आली. नॉरवेस्टरचा गरम, सोसाट्याचा वारा सुटलेला, ताई पदर धरून सीटवर बसलेल्या, तिकडे अ‍ॅशबर्टनला, डेअरीवर काम करणाऱ्या यतीनच्या घरी लोक वाट बघत होते. ते कीर्तन झालं नाही. पुढच्या शनिवारी यशोधनच्या बायकोनं, सिद्धीनं, ताईंना आपल्या छोट्या गाडीतून न्यायचं ठरवलं. ताई बसल्या कशाबशा, पण उतरताना सिद्धीला आणि आणखी एकीला मिळून ओढून काढावं लागलं. तेव्हा ताई हसल्या. संध्याकाळी मात्र त्यांचा फोन आला. माझ्यापायी फार खटाटोप होतो रे, म्हणाल्या. हे आता पुरे करू या का?

यशोधन काउंटरवरून हलत नव्हता, तो या प्रश्नामुळे.

“या,” ग्लेन शेवटी म्हणाला. “स्वतःच बघा.”

आत यूटचं पुढचं दार उघडं होतं. सीटच्या पायाशी गालिचा उलटून ठेवला होता आणि खालून वायरींचा एक जोड उपसून वर काढलेला होता. तांब्यावर हिरवं कीट चढलेलं. भोवती काहीतरी लालसर, चिकट, वाळून घट्ट झालेलं.

ग्लेननं पेनाच्या टोकानं दाखवलं. सीट बसवताना गालिचा कापला आणि नीट सील केला नाही. पाणी गेलं, गंज धरला. उंदरानंही घर केलं असावं, कारण धान्याचे दाणे निघाले. गाडीचे सगळे निरोप याच जोडातून जातात, तो बिघडला की गिअरही अडकतो.

“तुम्ही फिटिंग करणाऱ्याला धरा,” तो म्हणाला. “चूक त्याची दिसते. मी तसं कळवतो आहे. तपासणीही होईल त्याच्याकडे.”

यशोधननं बोट पुढे केलं, त्या लाल थराला लावलं आणि अंगठ्यावर चोळलं. मग नाकाशी नेलं. खवट तूप. त्याखाली मध.

जोडाच्या खाचेत अडकलेला दाणा तांदळाचा होता. अखंड, पिवळसर.

त्यानं बोट पँटला पुसलं आणि उद्या येतो म्हणाला.

तुमच्या लक्षात आलंच असेल. ज्या जागेवर उभं राहून हरिकथा सांगतात तिला नारदाची गादी म्हणतात. सीट बसवून आली त्या दिवशी ताई म्हणाल्या होत्या, माझी गादी आता दारातल्या या खुर्चीपासूनच सुरू होते, तर हिची पूजा नुसत्या हळदीकुंकवावर कशी भागवायची? बाहेर गारठा होता, म्हणून गॅरेजमध्येच दार उघडं ठेवून पूजा झाली. अक्षता वाहिल्या, आणि सीटच्या पायाशी, जिथे ताईंची पावलं टेकणार तिथे, दूध, दही, तूप, मध, साखर. पंचामृत ताईंनीच ओतलं होतं, डोळे मिटून, सावकाश. त्यावर दोन तांबे पाणी.

घरी सिद्धीनं सगळं ऐकून घेतलं आणि कुकरची शिट्टी काढून ठेवली.

“म्हणजे तू महिनाभर त्या माणसाशी भांडतोयस,” ती म्हणाली, “आणि गाडीला दही-मध आपणच पाजलंय.”

“हसू नकोस.”

“हसत नाहीये. इंजिनिअर म्हणे. पूजेला तूच तांब्या धरून उभा होतास ना?”

ती मग गंभीर झाली. ग्लेनला सांगितलं तर क्लेम कायमचा गेला, आणि दुरुस्ती अंगावर आली, एवढं दोघांनाही दिसत होतं. पैशांचं काही नाही, हळूहळू होईल. पण हे ताईंच्या कानावर गेलं तर त्या पुन्हा गाडीत पाऊल ठेवणार नाहीत. आणि सांगितलं नाही तर विरेमूवर खापर फुटणार होतं.

दुसऱ्या दिवशी तो आधी विरेमूकडे गेला. ग्लेनचा फोन तिथे आदल्याच दिवशी पोचला होता. विरेमूनं बाकावर तसाच एक गालिचा पसरला होता आणि सीलची पट्टी पुन्हा पुन्हा दाबून बघत होता. भला थोरला माणूस, पण त्या दिवशी खांदे पडलेले. सील सुटलं असणार, तो म्हणाला, कसं ते समजत नाही, पण काम माझं होतं. मी करून देईन. त्या म्हाताऱ्या बाईंना माझ्यामुळे रस्त्यावर बसावं लागलं, हे बरं झालं नाही.

यशोधनला पुढे ऐकवेना. त्यानं सगळं सांगितलं. दूध कुठे, मध कुठे, कुणी आणि का.

विरेमूनं हातातली सीलची पट्टी बाकावर ठेवली.

“नव्या गाडीला आम्हीही आशीर्वाद देतो,” तो म्हणाला. “करकिया, म्हणजे आमच्या लोकांची प्रार्थना म्हणतो, पाणी शिंपडतो.” मग थांबून, “पण नुसतं पाणी, मित्रा. दही नाही.”

आणि तो असा हसला की बाकावरचे स्क्रू घरंगळले. यशोधनही हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले, ते त्यानं बाहीला पुसले.

तिथून तो ग्लेनकडे गेला. त्यालाही सगळं सांगितलं. ग्लेननं मध्येच एकदा विचारलं, दही म्हणजे खायचंच दही का? खायचंच, यशोधन म्हणाला. ग्लेननं मान हलवली. विरेमूचं नाव काढून टाकतो, म्हणाला, पण मग क्लेमचं दार कायमचं बंद झालं, हे लक्षात आहे ना? लक्षात आहे, यशोधन म्हणाला. दुरुस्ती मी करून घेतो. एकच विनंती आहे. ज्यांनी ते ओतलं त्या बाईंना हे कळू नये. कळलं तर त्या घरी बसतील.

ग्लेननं कागदावरचं विरेमूचं नाव खोडलं. गाडी शनिवारी सकाळी तयार होईल, एवढंच म्हणाला.

शनिवारी अ‍ॅशबर्टनचं राहिलेलं कीर्तन ठरवलं होतं, म्हणून सिद्धी ताईंना थेट सर्व्हिस सेंटरवरच घेऊन आली. तिच्या छोट्या गाडीतून उतरताना पुन्हा तीच ओढाताण झाली. वॉकर टेकत ताई आवारात आल्या, हिरवं लुगडं, वरून यशोधनचं जुनं पफर जॅकेट. विरेमूनं जोड वर घेऊन डबीत बंद करून दिला होता. ग्लेननं स्वतः बटण दाबलं. सीट वळली, बाहेर आली, खाली उतरली.

ताई बसल्या नाहीत. त्यांनी वॉकर फिरवून ग्लेनकडे तोंड केलं आणि आपल्या जपून बोलायच्या इंग्रजीत विचारलं, “काय बिघडलं होतं हिचं?”

यशोधननं त्यांना वायरचं काहीतरी, एवढंच सांगितलं होतं. किल्ली त्याच्या हातात होती, ती तशीच राहिली. सिद्धी उगाचच हौद्यातली ताडपत्री नीट करू लागली.

ग्लेननं ताईंकडे पाहिलं. मग सीटच्या पायाशी. त्याचे दोन मेकॅनिक बाजूला उभे होते, त्यांच्यादेखत तो म्हणाला,

“चूक आमची आहे, मॅम. तो जोड कंपनीनं तिथे ठेवायलाच नको होता. काहीही सांडलं की तिथेच जातं.”

चूक आमची आहे. महिनाभर यशोधन ज्या शब्दांसाठी त्या काउंटरशी झगडला, ईमेलवर ईमेल धाडली, ते शब्द त्या माणसानं भर आवारात, साक्षीदारांसमोर, तोंडानं उच्चारले. हे लिहून द्या, असं म्हणायला यशोधनला एवढंसं तोंड उघडावं लागलं असतं. दोघांची नजर भेटली. यशोधननं किल्ली खिशात टाकली आणि ताईंचा वॉकर घ्यायला पुढे झाला.

ताईंनी ग्लेनला हात जोडले. त्याला काय करावं कळेना, त्यानंही जोडले, पेनासकट.

रोलस्टन गाव मागे पडलं. आपली छोटी गाडी सर्व्हिस सेंटरवरच ठेवून आलेली सिद्धी मागच्या सीटवर झोपल्याचं सोंग घेऊन बसली होती.

“सांडलं, असं म्हणाला ना तो?” ताईंनी विचारलं.

“हं.”

“मध मीच ओतला होता. सिद्धी चमचा देत होती. मी वाटी उपडी केली.”

यशोधननं रस्त्यावरची नजर काढली नाही.

“त्याला ठाऊक होतं?”

“होतं. मीच सांगितलं.”

“तरीच. बोलताना कान लाल झाले होते त्याचे.”

ताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. दूरवर पसरलेली कुरणं, त्यात पाणी मारणारे लांबच लांब यांत्रिक हात, त्यांच्याखाली भिजत चरणाऱ्या गाई. यशोधनची बोटं स्टिअरिंगवर आवळली होती. आता त्या पुरे म्हणणार, हे तो धरून चालला होता.

“यशोधन,” त्या म्हणाल्या, “ना ओळख, ना पाळख. त्या माणसानं माझी चूक आपल्या अंगावर घेतली. का घेतली? मी गाडीत बसावं म्हणून. आता मी घरी बसले, तर त्याचं बोलणं फुकट जाईल.”

सिद्धीनं मागे नाक ओढलं.

“जरा वेग धर,” ताई म्हणाल्या. “पोरं पहाटेची दूध काढून आलेली असतील. मी पोचायच्या आत झोपतील.”

त्या दुपारी यतीनच्या घरी आख्यान संपलं. सगळ्यांच्या कल्याणाचं मागणं मागताना ताईंनी नेहमीची नावं घेतली, आणि त्यांच्यात एक असं घेतलं की पोरं एकमेकांकडे बघू लागली. एका लहानगीनं आईला हळूच इंग्रजीत विचारलंसुद्धा, हा ग्लेन कोण. आईलाही माहीत नव्हतं. पण तिनं हात जोडलेलेच होते, ते तिनं तसेच ठेवले.

तुम्हाला आता माहीत आहे. आज निजताना आपल्या माणसांसाठी काही मागाल, तेव्हा हॉर्नबीच्या त्या ग्लेनचीही आठवण असू द्या.