व्हर्नाचा मुका जादूगार

मित्रांनो, तीन कड्यांची, निळ्या पुठ्ठ्याची एक जुनी फाईल म्हणजे मी. माझ्या पोटात एका जादूगाराचे नियम आहेत. ते दोनदा लिहिले गेले. दुसऱ्यांदा का लिहावे लागले, तेच सांगते.

अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या एका कागद गिरणीत ऑरिन काम करत असे. दर रविवारी चर्चहून आल्यावर त्याच्या तळघरात खेळ रंगायचा. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे, कोणी योद्धा, कोणी चोर. संकटातून तरलो की मेलो, हे वीस बाजूंचा फासा ठरवी. गोष्ट ऑरिन चालवायचा, आणि जादूगार असे त्याची थोरली बहीण व्हर्ना. ती गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायची; जीभ अशी, की एका दमात चाळीस बोल्या. म्हणून ऑरिनने नियमच केला होता: मंत्र स्वतः मोठ्याने म्हणायचा, जीभ अडखळली तर मंत्र फुकट गेला. व्हर्ना कधीच अडखळत नसे. तेव्हा माझी पाने हॉटडिश, म्हणजे मांस-बटाट्याचा भाजलेला पदार्थ, खाल्लेल्या बोटांनी तेलकट झाली, पण माझ्यावाचून खेळ सुरू होत नसे.

मग एका हिवाळ्यात तिची जीभ जड झाली. आजार आधी वाचा नेईल, मग हात, मग श्वास, असे डॉक्टरांनी सांगितले. एका रविवारी तिचा मंत्र तीनदा अडखळला. त्यांचा मित्र लाइल मान खाली घालून बसला.

"चालेल गं, झाला असं धरू या," ऑरिन म्हणाला.

व्हर्नाने टेबलावर मूठ आपटली. "धरायचं... नाही. फुकट... म्हणजे फुकट."

त्याच आठवड्यात ऑरिनने माझी पाने फाडली आणि जादूगार नव्याने रचला. याला बोलावे लागत नसे. बोट उचलले की आग, आणि त्याला कसलाच घाव लागत नसे. पुढच्या रविवारी लाइलने ते वाचून डोके खाजवले.

"अरे, हा तर मरणारच नाही! मग आम्ही काय याच्या पिशव्या उचलायला यायचं?"

"तिला आता मरणाची आठवण कशाला?" ऑरिन खेकसला.

व्हर्नाने पेन ओढून घेतले आणि वाकड्या अक्षरांत माझ्या बाराव्या पानावर लिहिले: "मला न विचारता? ही लबाडी आहे. किंमत लाव."

मग भाऊ-बहीण शेजारी बसले. प्रत्येक मुक्या मंत्राने जादूगाराच्या अंगातले काहीतरी जाईल, असे ठरले: छोट्याने एक बोट बधिर होईल, मोठ्याने पाय, सर्वांत मोठ्याला फाशावर पाच तरी पडायला हवेत, नाहीतर मरण. त्रेसष्ट मंत्र होते. बोटे चालत होती तोवर तिने स्वतः खोडले, लिहिले. पुढे ऑरिन वाचे आणि ती पापण्या मिटे. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. त्याला सोपे वाटेल तिथे ती हटकून दोनदा मिटे.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये शेवटचा डाव झाला. गोष्टीतला पूल कोसळत होता, सोबती मधोमध अडकले होते. तिने पापण्या मिटून सर्वांत मोठा मंत्र निवडला. लाइलने तिच्या वतीने फासा टाकला. तीन.

पूल तरला, जादूगार मेला. फासा पुन्हा टाकायला ऑरिनचा हात पुढे गेला. व्हर्नाच्या पापण्या दोनदा मिटल्या.

"राहू दे, ऑरिन," लाइल म्हणाला. "मरण तिने निवडलंय. ते तरी तिचं राहू दे."

ऑरिन टेबलावर डोके टेकून रडला. एकोणीस दिवसांनी व्हर्ना गेली.

त्यानंतर खेळ बंद झाला. एकदा लाइल आला होता. "फाईल दे ना, शेजारच्या गावातल्या पोरांना शिकवतो," म्हणाला. ऑरिनने नुसते दार लावून घेतले. मी बॉयलरमागच्या खालच्या फळीवर पडले आहे. कड्या गंजल्या, ओलीने सत्तावीस मंत्रांचा लगदा झाला.

मित्रांनो, दुःख होते म्हणून गेलेल्या माणसाचे काम ओलीत टाकून देऊ नका. आणि कोणासाठी नियम बदलायला निघालात, तर आधी त्याच्याशेजारी बसा, त्याला विचारा. व्हर्नाचे अक्षर बाराव्या पानावर अजून वाचता येते. मला कोणीतरी वर, कोरड्या खोलीत न्या. बाहेर बर्फ वितळू लागले आहे, आणि तळघरातले पाणी माझ्या फळीला लागले आहे.