सतरा किलो चारशे

या, असे लांब भिंतीला टेकून काय बसलात? पुढे सरका. एका हाताची गोष्ट सांगायची आहे. फार मोठी नाही. पण हात देवाने आपल्या सगळ्यांनाच दिलेत, तेव्हा ऐकून ठेवायला हरकत नाही.

काटेवाल्याने गुडघे वाकवले, घडी घातलेली इलेक्ट्रिक सायकल उजव्या हाताने जमिनीपासून वीतभर उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"बावीस," तो म्हणाला.

दुकानवालीने हँडलला लटकलेली चिठ्ठी पुढे केली. "सतरा किलो चारशे. छापलंय बघा, काका."

"छापणाऱ्याने उचलली होती का?"

"अगं, छापलेल्यावर यांचा विश्वास नसतो," त्याची बायको हसत म्हणाली. "लग्नाच्या पत्रिकेतलं स्वतःचं नावसुद्धा दोनदा वाचून खात्री केली होती, नवरदेव आपणच ना म्हणून."

दुकानादुकानांतले वजनकाटे तपासायचे आणि दुरुस्त करायचे, हे त्याचं पस्तीस वर्षांचं काम. प्रमाण वजनांची पंधरा किलोंची पिशवी खांद्याला लावून तो पायी फिरे. त्याची एक रीत होती. काट्यावर ठेवायची वस्तू आधी उजव्या हाताने उचलायची, आकडा मोठ्याने सांगायचा आणि मगच काट्याकडे बघायचं. गुळाची ढेप असो की खिळ्यांचं पोतं, आकडा पाव किलोच्या पलीकडे कधी चुकला नव्हता. दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघायला येत. कुणी विचारलंच, तर तो म्हणे, "ज्या दिवशी हात चुकेल, त्या दिवशी पिशवी खाली ठेवीन."

सायकल हवी होती बायकोला, म्हणजे त्याच्यासाठी. अलीकडे तो जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबे आणि कठड्याचा रंग उडालाय का ते बघत राही. घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती, खाली ठेवलेली सायकल सकाळपर्यंत टिकत नसे. वर नेता येईल अशी घडीची सायकल तिने शोधून काढली. महिनाभर नाही नाही म्हणून शेवटी त्याने शब्द दिला होता, "अठराच्या आत भरली तर घेऊ. वर मला न्यायचीय."

"तुमचा पार्सलचा काटा आणा बरं इकडे," तो आता म्हणाला.

दुकानवालीने काटा ओढत आणला. तो उकिडवा बसला. शून्य पाहिलं. पिशवीतून पाच किलोचं एक वजन काढून ठेवलं, मग त्याच्या शेजारी दुसरं. काट्याने बरोबर दहा दाखवले. त्याने मान हलवली, वजनं पुसून परत ठेवली आणि दुकानवालीला सायकल चढवायला सांगितली.

सतरा किलो चारशे.

त्याने काटा पुन्हा शून्यावर आणला, सायकल पुन्हा ठेवायला लावली. आकडा तोच. मग तो उठला आणि सायकल डाव्या हाताने उचलली. ती जरा जास्त वेळ हातात धरली. खाली ठेवली, पुन्हा उजव्याने उचलली. या वेळी बोटं थरथरली, आणि सायकल जमिनीवर आपटली नाही एवढंच. त्याने उजवा पंजा डोळ्यांसमोर धरला. अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडला होता. बायकोने नजर दुसरीकडे वळवली. तो खळगा तिने दोन महिन्यांपूर्वीच पाहिला होता. तेव्हापासून ती घरातल्या बरण्यांची झाकणं सैल करून ठेवत होती.

"तू उचल," तो तिला म्हणाला.

तिने पदर खोचला, सायकल उचलली आणि खाली ठेवली.

"बावीस," ती म्हणाली. "बावीसला गुंजभर कमी नाही. बाई गं, केवढी जड ही!"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हळूच हसला.

"पस्तीस वर्षं खोटी वजनं पकडली मी. घरातलं आज पकडलं. काय दंड करू तुला?"

"करा काय करायचाय तो."

"काका, नाही घेतली तरी चालेल," दुकानवाली चाचरत म्हणाली. "विचार करून या."

"विचार कसला? अठराच्या आत आहे ना? शब्द दिलाय." त्याने चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. "बिल करा. बिल हिच्या नावाने करा."



घरी जिना चढताना सायकल तिने घेतली. त्याने वजनांची पिशवी डाव्या हातात धरली होती. दुसऱ्या मजल्यावर त्याने ती खाली ठेवली, आणि ठेवलेलीच राहू दिली. बायको सायकल वर ठेवून आली आणि पिशवीही घेऊन गेली.

पुढचं थोडक्यात सांगतो. वर्षभरात डावा हातही गेला, मग पाय. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, उपाय सांगितला नाही. शेवटी शेवटी ती त्याला भरवायची. चमचा तोंडाशी आला की तो पुटपुटे, "वीस ग्रॅम." आणि ती म्हणे, "गप गिळा." जीभ चालत होती तोवर त्याने आकडा सांगितला. पुढे नुसत्या पापण्या हलायच्या. त्याही एका पहाटे थांबल्या.

त्या दुकानांचे काटे आता ती तपासते. हुन्नर ती त्याच्या उशाशी बसून शिकली, परवान्याची परीक्षाही तिने दिली. पिशवी सायकलच्या मागे बांधते आणि संध्याकाळी दोन खेपा करून सायकल आणि पिशवी तिसऱ्या मजल्यावर नेते. काट्यावर काही ठेवण्याआधी उजव्या हाताने उचलते, मोठ्याने आकडा सांगते. दर वेळी चुकते. दुकानदार हसत नाहीत.

तुम्हीही बाजारात एखादी वस्तू हातात तोलून बघाल. तेव्हा काट्याकडे बघण्याआधी क्षणभर थांबा, आणि त्या काटेवाल्याची आठवण काढा.