संघदीपच्या कम्प्युटरमधल्या लहरी

"सरक ना वो थोडी, मले काहीच दिसून नाही राहिलं."

"मले तरी काय दिसून राहिलं? पडदा काळाच हाये."

"मंग सरकाले काय होते तुले?"

दाराशी चपला काढता काढता चेतनाने हे ऐकलं. रुख्माबाईच्या पुढच्या खोलीत तीसेक माणसं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी दाटून, एका काळ्या पडद्याकडे डोळे लावून बसली होती. घरावरून बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान गेलं. एवढं लोखंड हवेतून गेलं, पण कोणी मान वर केली नाही.

चेतना ग्रामपंचायतीत संगणक परिचालक. पंधरा वर्षं दाखले काढता काढता मशीनच्या खोड्या तिची तीच शिकली होती. आज तिला बोलावलं होतं ते रीनाने, तेही गुपचूप.

कम्प्युटर रीनाच्या नवऱ्याचा, संघदीपचा. गोंदियातून जुना आणून तो या खोलीत लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायचा. दोन वर्षांपूर्वी कोहमाऱ्याजवळ ट्रकच्या धडकेत गेला. मागे आई रुख्माबाई राहिली, बायको राहिली आणि हे खोकं राहिलं.

रीनाला नर्सिंग शिकायला नागपूरला जायचं होतं. सासू नाही म्हणाली नाही. ती म्हणाली, "त्याच्या कम्प्युटरवरून फॉर्म गेला, तर त्याची परवानगी समजू." आणि फॉर्म जात नव्हता. कॉलेजची साइट उघडली की लाल त्रिकोणाचं पान यायचं : कनेक्शन सुरक्षित नाही, पुढे जाऊ नका. फॉर्मची मुदत आज पाच वाजेपर्यंत होती.

"पंचायतीत ये, दोन मिनिटांत भरतो," असं चेतनाने कालच सांगितलं होतं. सासूला आई म्हणणारी रीना म्हणाली, "आईच्या मनात नसताना गेली, तर तिथं पुस्तक उघडायची हिंमत नाही होणार माही." आणि मग, "ताई, एक सांगू का? सर येतात, तवाच थे पान येते. एरवी चालते. अर्धा फॉर्म तसाच भरला, पण आई म्हणते, पाठवाचा तो सरांसमोरच."

तर हे सर. या घरात भिंतीवर दोनच फोटो, बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा. रुख्माबाईच्या सासऱ्याने छप्पन्न सालीच देव्हारा मोकळा केला होता. तेव्हापासून कोणी बुवा हा उंबरा ओलांडू शकला नव्हता. म्हणून यावेळी बुवा सर होऊन आला. शर्ट आत खोचलेला, खांद्याला लॅपटॉपची बॅग, नाव योगराज. दक्षिणा घेत नसे, 'व्हिजिट' घेत असे.

"देखिए," योगराज सर सांगत होते, "भूत-बित मी मानत नाही. वो सब अंधश्रद्धा है. पण एनर्जी तो है ना? मोबाइल चालतो, लहर दिसते का? नहीं दिसती. माणूस जातो, लहर राहते. हार्ड डिस्कमध्ये बसते."

"बरोबर हाये," टेबलाशी बसलेला दूध विकणारा बिसराम म्हणाला. बिसराम अंगारा लावणाऱ्यांना हसायचा. लहरीला कसं हसायचं, हे मात्र त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

सरांनी आधी मशीन 'शांत' केली. म्हणजे भिंतीतला प्लग उपसला, डोळे मिटले आणि एकशेआठ आकडे मोजले. मग प्लग लावला. मशीन कण्हत सुरू झाली.

"तारीख वाचा."

"एक जानेवारी दोन हजार दहा," पुढच्या बाईने वाचलं.

"हे मी नाही केलं. तो स्वतःला मागे नेतो. आता बेटा, कॉलेज की साइट खोलो."

रीनाने उघडली. लाल त्रिकोण. खोलीने एकदम श्वास आत घेतला.

"आता त्यालाच विचारू. संघदीप, रीना जाए क्या?"

सरांनी मशीनमधल्या संघदीपच्या एका जुन्या व्हिडिओवर दोनदा टिचकी मारली. पडदा काळाच राहिला आणि त्या काळ्यातून संघदीपचा आवाज आला, अगदी चहा मागावा तसा : "थांब रीना. थांब ना. जाऊ नको. नको. नको-नको-नको-नको..."

मशीन अडकली. रुख्माबाईने पदर तोंडाला लावला. रीना खाली पाहत राहिली. घड्याळात सव्वातीन झाले होते.

चेतना पुढे आली. "सर, मी पण थोडंसं पाहू का? शिकाले भेटन."

"मॅडम, सेन्सिटिव्ह केस है."

"मी हळूच हात लावतो."

तिने बिसरामचा मोबाइल मागितला आणि त्यात दोन हजार दहाचा जानेवारी टाकला. "आता उघड कोणतीबी साइट. तुही रोजची उघड." बिसरामने दुधाच्या भावाची उघडली. लाल पान आलं. त्याने मोबाइल चटका बसल्यासारखा तिच्या हातात दिला.

"घाबरू नको. संघदीपले दुधाच्या भावाचं काय पडलं हाये?" ती म्हणाली. "हरेक साइटजवळ तिच्या ओळखीचा कागद असते, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत. मशीन समजते का सन दहा सुरू हाये. त्या हिशेबाने हा कागद अजून जन्मालेच नाही आला. म्हणून मशीन म्हणते, हा माणूस खोटा हाये, जाऊ नका. तारीख सुधरव." बिसरामने तारीख सुधारली. दुधाचे भाव आले. कालच्यापेक्षा कमीच होते.

"मोबाइल अलग, ये अलग," सर म्हणाले.

चेतनाने स्क्रू काढून खोक्याचा पत्रा उघडला आणि आतून मनगटी घड्याळात असतो तसा, पण मोठा गोल सेल काढला. "मशीन बंद असली, तरी तारीख हा सांभाळते. हा मेला हाये. भिंतीतून करंट येते तोवर याचं मरण झाकून राहते. प्लग काढला का मशीन तारीख विसरते. मंग थोड्या वेळाने नेटवरून ते आपोआप सुधरते, म्हणून एरवी साइट चालते. सर येतात, प्लग काढतात. जे बिघडवतात, तेच पाहाले लोक जमतात."

रीनाच्या बोलण्यावरून अंदाज बांधून गोंदियाच्या घड्याळवाल्याकडून आणलेला नवा सेल तिने बसवला, तारीख आजची केली आणि प्लग उपसला. "सर, मोजा. एकशेआठ." सर मोजेनात. म्हणून बायांनीच मोजलं. चाळिसाच्या पुढे दोघींचा हिशेब चुकला. प्लग लावला. तारीख आजचीच होती. कॉलेजची साइट उघडली. रीनाचा अर्धा भरलेला फॉर्म समोर आला.

"और आवाज?" सरांनी बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला होता. "आवाज का क्या?"

"व्हिडिओ नव्या मोबाइलवरचा, प्लेअर जुना. त्याले आवाज समजते, चित्र नाही समजत. कोणाले भाषा अर्धीच समजते, तसं. अन् एका जागी फाइल खराब हाये, तिथं जुना प्लेअर अडकून तोच तुकडा घोकते."

तिने पेनड्राइव्हमधला नारिंगी शंकूवाला प्लेअर टाकला आणि तोच व्हिडिओ लावला. पडदा उजळला. गावाबाहेरचा रस्ता, बाजूला धानाची बांधी, आणि नव्या स्कुटीवर घाबरून ताठ झालेली रीना. मोबाइल धरणारा संघदीप दिसत नव्हता, ऐकू येत होता. "थांब रीना. थांब ना. जाऊ नको. नको... कोंबडी हाये वो समोर. हां, गेली. आता जा. जा ना, कायले भेतेस?"

खोलीत कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. रीना हसत नव्हती, तिचे डोळे मात्र पडद्यावरून हलत नव्हते.

"पाहा," बिसराम उठून म्हणाला, "जा म्हणते थो. परवानगी देल्ली."

"नाही," चेतना म्हणाली.

"काऊन? आत्ताच म्हणला ना."

"स्कुटी चालव म्हणला, बिसरामभाऊ. नागपूर त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. मघाशी तो नाही म्हणला नव्हता, अन् आता तो हो म्हणला नाही. आपल्याले पटते तिकडे त्याचं तोंड फिरवलं, तर आपण अन् सर सारखेच."

सर दारात चपला शोधत होते. "यहां निगेटिव्हिटी बहुत है," ते म्हणाले आणि गेले. त्यांच्यासाठी चुलीवरच्या पातेल्यात शिजत असलेल्या कोंबडीची चौकशी मात्र त्यांनी केली नाही.

चेतना रुख्माबाईसमोर जमिनीवर बसली. "मावशी, मशीन बिघडली तर मशीन उघडून पाहावं. पण माणसाच्या मनातलं माणसालेच विचारा लागते. तुमच्या सुनेने सांगितलं तिले काय पाहिजे. तुम्हाले काय पाहिजे, हे या घरात कोणीच विचारलं नाही. तुम्हीबी सांगितलं नाही. त्याच्यावर टाकलं."

दाटीवाटीने बसलेल्या बायांना एकाएकी आपापल्या घरची कामं आठवली, पण उठली कोणीच नाही. पडद्यावर फॉर्म तसाच उघडा होता.

"मले ठाऊक होतं," रुख्माबाई म्हणाली.

"काय, आई?" रीनाने विचारलं.

"मेलेला पोरगा बोलत नसते. पयल्या दिवशीच ठाऊक होतं मले." तिने पदर तोंडावरून काढला. "तू गेली तर या घरात मी एकटी राहतो वो रीना. मले एकटी राहाचं भेव लागते. भर थो फॉर्म."