अमिनाचा अडकित्ता

अडकित्ता मात्र फोटोत लखलखीत उतरला होता — मथुराबाईंच्या मुठीतला — आणि वर ठळक अक्षरांत बातमीदाराचं नाव : फिरदोस. मुक्तिसंग्राम दिनाचा अंक, पहिलं पान. तिच्या पदरात काय काय पडणार होतं? नाव, संपादक श्रीशैल सरांची शाबासकी, आणि न मागता एक दाखला : रझाकारांवर लिहिताना पोरगी आपल्यांचं झाकत नाही! सरांना असा दाखला जन्मात लागला नव्हता. फिरदोसला तो रोज नव्यानं काढावा लागतो…

"निष्पक्ष म्हणजे काय, ते शिका हिच्याकडनं!" सर आल्या आल्या सगळ्यांदेखत म्हणाले. "खाली जागा उरली, तिथं टॉवेलची जाहिरात बसवली. म्हातारीनं एवढंच सांगितलं व्हय गं?"

"एवढंच, सर."

एवढंच? जुन्या निजामी हद्दीवरच्या त्या गावात, सुपारी कातरत, मथुराबाईंनी दोन्ही सांगितलं होतं : रझाकारांनी बापाला दारातच मारलं ते, आणि मागून भारताची फौज आल्यावर गावातल्याच माणसांनी शेजारच्या नबीलालला विहिरीवर गाठून मारलं, तेही. त्याची बायको अमिना अडकित्ता मथुराबाईंच्या आईच्या हातात देऊन गेली — परत आल्यावर नेते म्हणून; ती आलीच नाही… "दोनी लिव्ह, पोरी. न्हाईतर माजं नाव घालू नगं."

लिहिलं होतं की दोन्ही. पण बातमी पाठवताना बोट अडलं — नबीलालपाशी आलेला वाचणारा आधी वर जाऊन नाव बघेल, मग हसेल : गेलीच शेवटी आपल्या वळणावर! कुणी दम दिला नव्हता, कुणी सुचवलंही नव्हतं… मीच नबीलालचं काढलं. आणि वर त्याला तटस्थपणा म्हटलं —

फोन वाजला. मथुराबाई.

"सुनेनं वाचून दावलं. बाचं लई झ्याक लिवलंस. पर अमिना कुटं गेली गं?"

"आजी… जागा नव्हती."



"मंग ह्यो अडकित्ता कुणाचा म्हून छापलायसा?"

फोन बंद झाला. उद्या खुलासा द्यावा… पण त्याखाली नाव पुन्हा आपलंच, आणि लोक पुन्हा नावच वाचणार. तिला स्वतःचाच राग आला, मग नावाचा, मग त्या रागाचाही. पेपरला निष्पक्षपणा मिळाला, टॉवेलवाल्याला पहिलं पान, आपल्याला दाखला, सगळे फायद्यात. मथुराबाईंचा शब्द गेला. आणि अमिना… तिनं एकदा गावात किंमत मोजली होती. आता पुन्हा, आपल्या हातून.