ताईच्या भिंतीवरचा डोंगर

"खरं निसर्गचित्र निसर्गात जाऊन काढायचं नसतं. ते स्मरणात मुरतं, आणि पुरेसं मुरलं की आपण होऊन कॅनव्हासवर उतरतं," असं चित्रकार म्हणाला, आणि तेवढ्यात वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागल्यामुळे त्याला दोन्ही हातांनी ईझल धरून उभं राहावं लागलं. बंद केलेल्या गॅलरीत स्टुडिओही होता आणि मशीनही, आणि स्मरण कितीही मुरलेलं असलं तरी मशीनच्या वेळा बायको ठरवत असे.

वाक्य ताईसाठी होतं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. ती गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून बसली होती आणि ईझलवरच्या अर्धवट डोंगराकडे बघत होती. आयुष्यात तिने भावाकडे कधी चित्र मागितलं नव्हतं. पण जुनं घर विकलं गेलं, मुलाने तिला चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं, आणि तिच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आली. तेव्हा तिने फोन करून सांगितलं, की आपल्या दारासमोरचा डोंगर काढून दे, रोज उठून बघायचा आहे, आणि जरा मोठा काढ.

चित्रकाराला झालेला आनंद त्याने फोनवर लपवला आणि बायकोपुढे अजिबात लपवला नाही. हा डोंगर म्हणजे त्याचं हुकमाचं पान होतं. त्याने तो सकाळचा काढला होता, संध्याकाळचा काढला होता, धुक्यात काढला होता. तो दातांच्या दोन दवाखान्यांत आणि एका विमा कंपनीच्या जिन्यात टांगलेला होता. डावीकडे लांब उतरत गेलेली सोंड, उजवीकडे तुटलेला कडा, आणि खाली कोपऱ्यात एक गडद, बेढब ढीग. या ढिगाला एका समीक्षकाने 'अस्तित्वाची मूक सावली' म्हटलं होतं. ढीग कशाचा, हे चित्रकारालाही माहीत नव्हतं. तो नसला की चित्र अपुरं वाटे, म्हणून तो असे. कोणी विचारलंच तर तो 'समतोल' म्हणून सांगे आणि विचारणारा मान डोलवी.

पण दात दुखत असलेल्या माणसांचं मत किती धरायचं? मूळ डोंगर पाहिलेली एकटी ताईच उरली होती. तिने एकदा "हो, हाच" म्हटलं की झालं.

ताई म्हणाली, "हा आपला डोंगर नाही."

चित्रकाराने समजुतीने सांगितलं, की हा नुसता कच्चा थर आहे. आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला रंग, त्यावर हळूहळू तेलाचे जाड थर, उलट केलं तर पुढे तडे जातात, त्यामुळे बाहेरच्या माणसाला एवढ्यात काही दिसणार नाही. ताई म्हणाली की ती तेलाबद्दल बोलतच नाहीये. कडा डावीकडे होता. त्या कड्यामागे ऊन लवकर जायचं आणि तिचे कपडे दमट राहायचे, हे तिने एवढी वर्षं भोगलं होतं.

"ताई, माणसाची आठवण दगा देते."

"कोणाची?" ताईने विचारलं.

दोघंही हटेनात. शेवटी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, डोंगर कुठे गेलेला नाही. जाऊन बघून या."

बसमध्ये चित्रकार भलताच खुशीत होता. निसर्गात जाऊन चित्र काढायचं नसतं, पण ताईची खात्री पटवायला जायला हरकत नसते, असं त्याने तिला सांगितलं. तो तिथून प्राथमिक शाळा संपताच मावशीकडे शिकायला गेला होता. पुढे परतला तो घरच्या कार्यांपुरता, आणि कार्यात नातेवाईक बघावे लागतात, डोंगर नाही.

जुन्या घराच्याच ओळीतल्या वडिलांच्या दुकानापाशी ते उतरले. वडील केस कापायचे. पाटीवर 'केशकर्तनालय' होतं आणि आत एक खुर्ची होती. आता तिथे मोबाइल दुरुस्त होत होते. दोघं रस्त्यात उभे राहिले आणि चित्रकाराने मान वर केली.

कडा डावीकडे होता.

त्याने मान खाली घातली, पुन्हा वर केली. मग म्हणाला, "खाणवाल्यांनी कापला असेल."

"हो," ताई म्हणाली, "इकडून कापून तिकडे लावला असेल."

चित्रकाराच्या खिशात नेहमी एक छोटा आरसा असे. काढलेलं चित्र आरशात धरलं की परकं दिसतं आणि त्यातल्या चुका उघड्या पडतात, ही तेलरंगवाल्यांची जुनी युक्ती. त्याचा डोंगर आरशात धरला की साफ चुकीचा दिसे, आणि तो समाधानाने आरसा खिशात टाकी. आता त्याने डोंगराकडे पाठ केली, दुकानाकडे तोंड केलं आणि आरसा डोळ्यांसमोर धरला. आरशात त्याचा डोंगर होता. सोंड डावीकडे, कडा उजवीकडे. सगळा.

दुकानात समोरच्या भिंतीवर मोठा आरसा असे. दाराजवळच्या बाकावर, दाराकडे पाठ करून, तो शाळेची गणितं करत बसे. मागे वळून बघायला सक्त बंदी होती. आपण गिऱ्हाइकाची वाट बघतोय असं येणाऱ्याला वाटता कामा नये, हा वडिलांचा दंडक होता. त्यामुळे गिऱ्हाईक यायचं ते आरशातून, आणि मागचा डोंगरही आरशातूनच. बाहेर खेळताना तो चेंडूकडे बघत असे. डोंगराकडे बघण्याइतकं कंटाळायला फक्त दुकानातच मिळे.

हे त्याने ताईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तू आयुष्यभर उलटा डोंगर विकलास."

घरी येऊन त्याने नवा कॅनव्हास घेतला आणि खरा डोंगर काढला. एका बैठकीत झाला. कडा डावीकडे, ऊन जागच्या जागी. डोंगर अगदी बिनचूक होता आणि त्याच्याबद्दल चित्रकाराला काहीही वाटत नव्हतं. कोपऱ्यात ढीग घालायला गेला तर हात अडला, कारण खऱ्या डोंगरासमोर तसलं काही नव्हतंच. मग ते होतं कुठे?

त्याने जुना कॅनव्हास पुन्हा ईझलवर चढवला आणि ढिगासमोर बसून राहिला. मशीनने कपडे पिळले तेव्हाही तो उठला नाही. ईझल आपलं आपण थरथरलं. मग त्याने ब्रश घेतला. आता जवसाचं तेल सढळ हाताने घातलं. आभाळ, सोंड, कडा, एकेक थर वाळू देत तो चढवत गेला, आणि ढीग शेवटाला ठेवला. त्यात फार काही केलं नाही. कॉलरची एक कड काढली, आणि मानेपासून काखेत जाणारी कापडाची एक चुणी.

ताई आली आणि त्याच खुर्चीत बसली. तिला काही सांगायचं नाही असं त्याने ठरवलं होतं आणि ते पाळायला त्याला जड जात होतं. ती बघत राहिली. बायको चहा ठेवून गेली, तो निवला.

"डोंगर चुकलाय," ताई म्हणाली.

"हो."

"गिऱ्हाइकाची दाढी करताना बाबा उजवा खांदा असाच वर घ्यायचे. मी डबा घेऊन दारात यायचे तर आधी हाच दिसायचा." ती उठून चित्राजवळ गेली. "खांदा बरोबर आहे. हेच दे."

बिनचूक डोंगर त्याने देऊ केला, तर तो तिने बघितलासुद्धा नाही. चित्र न्यायची तिला एवढी घाई, की खांद्याचा रंग वाळायच्या आत तिने तो चाचपला आणि अंगठा काळा करून घेतला. चित्रावर उठलेली अंगठ्याची खूण चित्रकाराने मुद्दाम पुसली नाही.

पुढच्या महिन्यात तो ताईकडे गेला. चित्र तिच्या कपाटाच्या आरशासमोर टांगलेलं होतं. पलंगावरून भिंतीकडे पाहिलं की बाबांच्या दुकानातला डोंगर दिसे, आणि कपाटाकडे पाहिलं की खरा. चित्रकार दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिला. एवढ्या वर्षांत आपलं चित्र इतकं समजून कोणी लावलं नव्हतं. हे तुला कसं सुचलं, असं त्याने ताईला विचारलं.

ताई म्हणाली, तिथे खिळा आधीपासूनच होता.